आवाज त्याचा, शेवट दुसऱ्यांचा

ज्याला जग गायक म्हणून ओळखतं, त्याचा पहिला चित्रपट मूक असावा, हा योगायोग मोठा मजेशीर आहे. १९२५ साली ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय अमेरिकी दिग्दर्शकाने 'बॉडी अँड सोल' नावाचा मूकपट काढला आणि त्यात पॉल रॉब्सन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला दुहेरी भूमिका दिली. एक भूमिका तुरुंगातून पळालेल्या आणि पाद्री बनून गरिबांना लुबाडणाऱ्या भामट्याची, दुसरी त्याच्या सरळमार्गी भावाची. पडद्यावर तो व्यासपीठावर उभा राहून हात उंचावतो, तोंड उघडतो, समोरची माणसं डोलायला लागतात, आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये त्याने केवळ कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांचा कार्यक्रम केला होता आणि लोक तो आवाज ऐकून थक्क झाले होते.

मिशोने आपल्याच समाजातल्या भोंदूगिरीवर बोट ठेवलं होतं. सेन्सॉरने चित्रपट अडवला, काटछाट झाली. पडद्यावर शेवट येतो तो असा, की हे सगळं एका भाबड्या आईला पडलेलं स्वप्न होतं! रॉब्सनच्या चित्रपटांचे शेवट हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे, आणि त्याची सुरुवात अशी पहिल्याच चित्रपटापासून होते.

आधी माणसाची थोडी ओळख. पॉल रॉब्सनचा जन्म ९ एप्रिल १८९८चा, न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनचा. वडील जन्माने गुलाम. पंधराव्या वर्षी उत्तर कॅरोलायनातून पळाले, शिकले, पाद्री झाले. पॉल सहा वर्षांचाही झालेला नसताना आई भाजून वारली. मुलगा शिष्यवृत्तीवर रटगर्स महाविद्यालयात गेला, फुटबॉलमध्ये देशभर गाजला, कोलंबियातून १९२३मध्ये वकील झाला. वकिलीच्या कचेरीत गोऱ्या लघुलेखिकेने त्याच्याकडून मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला, तेव्हा त्याने ती नोकरी सोडली आणि तो रंगभूमीकडे वळला. १९२८मध्ये लंडनला 'शो बोट', १९३०मध्ये तिथेच 'ऑथेल्लो'. पुढची जवळजवळ दहा वर्षं त्याचं घर लंडनमध्येच होतं.

आपल्याकडे ज्यांना रॉब्सन हे नाव माहीत नाही, त्यांनीही त्याच्या गाण्याची सावली ऐकलेली असते. भूपेन हजारिका कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना रॉब्सनच्या सहवासात आले. मिसिसिपी नदीवरच्या 'ओल मॅन रिव्हर' या त्याच्या गाण्यावरून त्यांना ब्रह्मपुत्रेवरचं गाणं सुचलं, आणि तेच पुढे हिंदीत गंगेला जाब विचारत आपल्या घराघरात आलं. आमच्या घरी मात्र या गाण्याबरोबर आणखी एक नाव निघायचं. आम्ही सोलापूर जिल्ह्यातले. अब्बांनी बार्शीच्या शाहीर अमर शेखांना उघड्या मैदानावर ऐकलं होतं. रॉब्सनची तबकडी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हा तर आपल्या शेखांचा थोरला भाऊ दिसतो!" इंग्रजीचा एक शब्दही त्यांना कळला नव्हता.

गाण्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. चित्रपटांबद्दल मात्र त्याचे भक्त गप्प बसतात, आणि त्याला कारणही आहे. १९२५ ते १९४२ या सतरा वर्षांत त्याने डझनभर चित्रपट केले. त्यातले बहुतेक त्याच्या विचारांच्या विरुद्ध जाणारे. मला ते ओळीने पाहायला मिळाले आणि वाटलं, की हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. साम्राज्याविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या माणसाच्या तोंडून साम्राज्याचा जयजयकार कसा वदवून घेतला गेला, हे त्यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं त्याच्या भाषणांतून दिसत नाही.

१९३३चा 'द एम्परर जोन्स' घ्या. यूजीन ओनीलचं नाटक त्याने रंगभूमीवर गाजवलं होतं, त्याचाच हा बोलपट. रेल्वेच्या पुलमन डब्यात गोऱ्यांच्या बॅगा उचलणारा ब्रूटस जोन्स खून करून तुरुंगात जातो, साखळदंड घालून दगड फोडायला लागतो, पळून एका बेटावर पोचतो आणि तिथला सम्राट होतो. गणवेश घातलेला रॉब्सन आरशांसमोर छाती काढून चालतो. गोरा व्यापारी त्याच्या सिगारेटी पेटवतो. १९३३च्या अमेरिकेत हे दृश्य साधं नव्हतं. पण या सम्राटाचं पुढे काय होतं? जंगलात भुतं दिसून तो भेदरतो, कपडे फाटतात, रांगतो, मरतो. लेखकाला वाटतं की माणूस कितीही वर चढला तरी आतला आदिम भयाचा गाळ सुटत नाही. हे कोणत्याही माणसाबद्दल म्हटलं असतं तर एक वेळ ऐकून घेतलं असतं. काळ्या माणसाबद्दल म्हटलं की ती त्याची जात ठरते.

पडद्यामागच्या दोन गोष्टी तर चित्रपटाहून बोलक्या आहेत. जोन्स तुरुंगाच्या गोऱ्या पहारेकऱ्याला मारतो, ते दृश्य कापलं गेलं. काळ्याने काळ्याला मारलेलं चालत होतं. आणि नायिकेपैकी एक, फ्रेडी वॉशिंग्टन, स्वतः कृष्णवर्णीय असूनही इतकी उजळ होती की पडद्यावर गोरी वाटेल अशी भीती निर्मात्यांना वाटली. म्हणून तिच्या चेहऱ्यावर गडद रंग फासला आणि पुन्हा चित्रीकरण केलं. काळी बाईसुद्धा पुरेशी काळी नाही, असं ठरवणारे लोक त्या कचेरीत बसलेले होते.

यानंतर आला १९३५चा 'सँडर्स ऑफ द रिव्हर'. या चित्रपटाने रॉब्सनला आयुष्यभर छळलं, म्हणून इथे जरा थांबू.

लंडनमध्ये निर्माता अलेक्झांडर कोर्डा आणि त्याचा दिग्दर्शक भाऊ झोल्टान कोर्डा यांनी त्याला बोलावलं. झोल्टान आफ्रिकेत कित्येक महिने राहून नाच, गाणी, होड्या, बाजार यांची रिळंच्या रिळं घेऊन आला होता. रॉब्सन त्या दिवसांत लंडनमध्ये आफ्रिकी भाषा शिकत होता. आपण अमेरिकी आहोतच, पण आधी आफ्रिकी आहोत, हा शोध त्याला नुकताच लागला होता. ती दृश्यं पाहून, ते आवाज ऐकून तो हरखून गेला. आफ्रिकेची संस्कृती पहिल्यांदाच सन्मानाने पडद्यावर येणार, असं त्याला वाटलं. शेपर्टनच्या स्टुडिओत आफ्रिकी खेडं उभं राहिलं. ब्रिटनच्या बंदरांतले आफ्रिकी हमाल-खलाशी एक्स्ट्रा म्हणून आणले. त्या गर्दीत लंडनमध्ये शिकणारा एक केनियन तरुणही उभा होता, जोमो केन्याटा. पुढे स्वतंत्र केनियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस साम्राज्याच्या चित्रपटात रोजंदारीवर उभा होता!

कथा एडगर वॉलेसची. नायजेरियातल्या एका नदीकाठच्या मुलखात सँडर्स नावाचा इंग्रज अधिकारी राज्य करतो. रॉब्सनचा बोसांबो हा मूळचा पळालेला कैदी. सँडर्स त्याला टोळीप्रमुख करतो. सँडर्स लग्नासाठी रजेवर जायला निघतो आणि लगेच मुलखात आग लागते. दारू आणि बंदुका विकणारे अफवा पसरवतात, एक क्रूर राजा उठतो, खून पडतात. साहेब परत येतो, बोसांबोला आणि त्याच्या बायकोला वाचवतो आणि बोसांबोला राजा करून पुन्हा रजेवर निघतो. म्हणजे साहेबाने आठ दिवसांची रजा काढली तरी आफ्रिका एकमेकांचे गळे कापायला लागते, एवढाच याचा अर्थ. आणि बोसांबो काय करतो? साहेबाच्या गुणांचं गाणं गातो. चालीला आफ्रिकी बाज दिलेला, आवाज रॉब्सनचा. इतकी देखणी हांजी-हांजी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. चित्रपटाच्या आरंभीच मूठभर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शौर्याला आणि कर्तबगारीला वंदन करणारा मजकूर झळकतो.

रॉब्सनने पुढे सांगितलं की हा साम्राज्याचा रंग चित्रीकरणाच्या अगदी शेवटच्या दिवसांत आणि संकलनाच्या टेबलावर चढला. ते पटण्यासारखं आहे. पण सगळंच पटत नाही. साहेबाच्या स्तुतीचं गाणं तर कॅमेऱ्यासमोर गायलेलं आहे. ते कात्रीने तयार झालेलं नाही. मार्कस गार्वी त्या वेळी लंडनमध्ये होता, त्याने आपल्या मासिकात रॉब्सनला फैलावर घेतलं. गार्वीचं आणि रॉब्सनचं अनेक बाबतींत पटलं नसतं, पण या बाबतीत मी गार्वीच्या बाजूचा आहे. संस्कृती दाखवण्याच्या लोभात रॉब्सनने सत्ता कुणाच्या हातात आहे हे विचारलंच नाही. नाच खरे, ढोल खरे, होड्या खऱ्या आणि त्या सगळ्यांचा उपयोग एक खोटी गोष्ट खरी वाटावी म्हणून.

याच कोर्डा बंधूंचा १९३८चा 'द ड्रम' मुंबईकरांनी कसा घेतला, ते इथे सांगायला हवं. त्यात सरहद्द प्रांतातला एक खान आपल्या इंग्रजधार्जिण्या भावाला मारून गादी बळकावतो आणि इंग्रजांना मोहरमच्या दिवसांत मेजवानीला बोलावून त्यांची कत्तल करायचा बेत रचतो. मोहरमची मेजवानी! लेखकाने एखाद्या खलाशाला जरी विचारलं असतं तरी त्याला कळलं असतं की ते शोकाचे दिवस असतात. म्हैसूरचा साबू त्यात इंग्रजांना वाचवणारा गोड राजपुत्र झाला आहे. मुंबईत या चित्रपटाविरुद्ध निदर्शनं झाली, मद्रासमध्येही झाली आणि त्याचं प्रदर्शन थांबवावं लागलं. चित्रपटांवर बंदी घालण्याच्या मी एरवी विरुद्ध आहे आणि इथेही माझं मत बदलत नाही. पण त्या लोकांना काय झोंबलं असेल ते मला नेमकं कळतं. पडद्यावर दोनच जागा शिल्लक होत्या, एक दगाबाज खानाची, दुसरी साहेबाच्या लाडक्या राजपुत्राची.

अशा जागा मी ओळखतो. मी मराठीत कविता लिहितो, घरात दखनी बोलतो. एका कविसंमेलनासाठी मी विहिरीवरच्या चार कविता घेऊन निघालो होतो. आदल्या रात्री संयोजकांचा फोन आला, "सर, तुमची ती ईद-दिवाळीवरची घ्या हं, आपल्याला एकात्मतेचा विषय ठेवायचाय." माणूस सज्जन होता, प्रेमानेच बोलत होता. विहीर इतर कवींच्या वाट्याला होती, मला एकात्मता दिली होती. मी ती कविता वाचली. टाळ्याही भरपूर पडल्या. म्हणून रॉब्सनचे चित्रपट मी बाहेरच्या माणसासारखे पाहू शकत नाही.

'सँडर्स'नंतर त्याने हिशेब बदलला. १९३६चा 'साँग ऑफ फ्रीडम' करताना त्याने करारातच अट घातली की अंतिम संकलनाला आपली संमती लागेल. त्या काळी असा हक्क भल्याभल्या नटांना मिळत नव्हता. चित्रपटाचा पहिला भाग मला फार आवडतो. जॉन झिंगा हा लंडनच्या गोदीतला हमाल. गोरे-काळे शेजारी एकाच गल्लीत राहतात, एकमेकांच्या घरी येतात-जातात आणि त्यावर कुणी भाषण देत नाही. एलिझाबेथ वेल्श त्याची बायको. दोघं नवरा-बायको म्हणून साधं बोलतात, हसतात, काटकसर करतात. काळं जोडपं असं घरातल्या माणसांसारखं त्या काळच्या चित्रपटात क्वचितच दिसतं.

मग झिंगा मोठा गायक होतो, त्याच्या गळ्यातल्या पदकावरून कळतं की तो कासांगा नावाच्या बेटाच्या राजघराण्याचा वंशज आहे, आणि तो तिकडे जातो. आणि तिथे आपल्याला पुन्हा तेच बेट दिसतं. अंधश्रद्ध लोक, दुष्ट मांत्रिक आणि बाहेरून शहाणपण घेऊन आलेला तारणहार. या वेळी तारणहार काळा आहे एवढाच फरक. रॉब्सनला हा चित्रपट आवडायचा, तो अभिमानाने त्याबद्दल बोलायचा. मला मात्र वाटतं की कात्री हातात आली तरी गोष्टीचा साचा त्याच्या हातात आलेला नव्हता. आफ्रिकेत परत जायचं तर राजा म्हणूनच जायचं, गोदीतला हमाल म्हणून जाता येत नाही, हे त्यानेही गृहीत धरलं. खुद्द त्याचे वडील गुलाम होते. राजघराण्याचं पदक त्यांच्या गळ्यात नव्हतं, तरी ते पळाले आणि माणूस म्हणून उभे राहिले. ही गोष्ट त्याच्या घरातच होती, ती कुणी पडद्यावर आणली नाही.

त्याच वर्षी हॉलिवूडचा 'शो बोट' आला. त्यातला जो हा बायकोची बोलणी खाणारा, काम टाळणारा आळशी गडी आहे. 'ओल मॅन रिव्हर' सुरू झालं की कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो, गाठोडी वाहणारे मजूर दिसतात आणि तीन-चार मिनिटं आळशीपणाची थट्टा विसरली जाते. गाणं संपलं की पुन्हा थट्टा सुरू. पुढे मैफलींमध्ये रॉब्सनने या गाण्याचे शब्द बदलले. जिथे थकून हार मानण्याची भाषा होती, तिथे त्याने मरेपर्यंत झगडण्याची भाषा घातली. मूळ गीतकाराला ते रुचलं नाही म्हणतात. मैफलीत उभं राहिल्यावर शब्द बदलता येतात, चित्रपटाच्या रिळात येत नाहीत. ते रीळ अजून तसंच आहे.

१९३७च्या 'किंग सॉलोमन्स माइन्स', 'बिग फेला' आणि 'जेरिको' या तिघांवर फार वेळ घालवत नाही. पहिल्यात तो पुन्हा राजा. दुसऱ्यात मार्सेय बंदरातला मोकळा, आनंदी माणूस, गोष्ट अगदी हलकी. 'जेरिको'चं काही चित्रीकरण इजिप्तमध्ये झालं, त्यामुळे रॉब्सनने आफ्रिकेची माती पाहिली. त्यात तो शेवटी जिवंत राहतो आणि कुणाचा नोकरही नसतो, एवढी नोंद पुरे.

१९३८च्या जानेवारीत तो यादवी युद्धातल्या स्पेनमध्ये जाऊन प्रजासत्ताकाच्या सैनिकांसाठी गायला. त्याच वर्षी लंडनमध्ये पंडित नेहरूंच्या स्वागतासाठी भरलेल्या सभेत तो बोलला. मोठ्या कंपन्यांचे चित्रपट आता नकोत, असं त्याने जाहीरच केलं. आणि मग त्याच्याकडे वेल्सच्या खाणकामगारांची गोष्ट आली.

ही मैत्री जुनी होती. १९२९च्या हिवाळ्यात लंडनच्या रस्त्यावर त्याला वेल्सहून चालत आलेले बेकार खाणकामगार गात जाताना दिसले. तो त्यांच्यात सामील झाला, त्यांच्यासाठी गायला, त्यांच्या परतीची सोय केली. पुढे वेल्सच्या खाणपट्ट्यात तो पुन्हा पुन्हा जात राहिला. १९४०चा 'द प्राउड व्हॅली' याच नात्यातून आला. मूळ कथा हर्बर्ट मार्शल आणि त्याची पत्नी फ्रेडा ब्रिलियंट यांची. या फ्रेडा ब्रिलियंट शिल्पकार होत्या. लंडनच्या टॅव्हिस्टॉक चौकात १९६८पासून बसलेला गांधीजींचा पुतळा त्यांनीच घडवला.

डेव्हिड गोलायथ हा काम शोधत भटकणारा काळा माणूस वेल्सच्या एका गावात येतो. वरच्या खोलीत खाणकामगारांचं गायनमंडळ तालीम करतंय. तो खालून रस्त्यावरून आपला आवाज त्यात मिसळतो आणि वरचे सगळे चमकतात. गायनमंडळाला आवाज हवा म्हणून त्याला खाणीत काम मिळतं. कुणीतरी कुरकुरतो, काळ्याबरोबर काम कसं करायचं? त्यावर उत्तर येतं, की खाणीत उतरल्यावर आपण सगळेच काळे असतो.

हे उत्तर फार गाजलं. मलाही पहिल्यांदा ऐकून भरून आलं होतं. दुसऱ्यांदा पाहताना वाटलं, की कोळशाच्या धुळीने सगळे सारखे होतात, ठीक आहे, पण आंघोळ करून वर आल्यावर काय? या गावात डेव्हिडला भाड्याची खोली आहे, पण बायको नाही, भूतकाळ नाही, एखादं प्रेमही नाही. सगळ्यांच्या सुखदुःखात तो आहे, त्याचं स्वतःचं असं काही नाही. याच दक्षिण वेल्समध्ये, कार्डिफ आणि न्यूपोर्टमध्ये, १९१९ साली काळ्या खलाशांवर जमावांनी हल्ले केले होते. चित्रपटाला ते आठवत नाही.

आणि शेवट. खाणीत स्फोट होतो, खाण बंद पडते, गाव उपाशी मरायला लागतं, कामगार चालत लंडनला जातात. मूळ कथेत कामगार खाण आपल्या ताब्यात घेऊन स्वतः चालवायला लागतात. चित्रीकरण चालू असतानाच सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध पेटलं. मालकांविरुद्ध कामगार हा विषय युद्धकाळात चालणार नव्हता. नव्या शेवटात देशाला कोळसा हवा म्हणून मालक-मजूर एक होतात. बंद बोगदा फोडण्यासाठी कुणीतरी जीव द्यावा लागणार असतो, चिठ्ठ्या टाकल्या जातात. चिठ्ठी तरुण वेल्श नायकाची निघते. डेव्हिड त्याला ठोसा मारून बेशुद्ध करतो आणि स्वतः मरतो. वर नायकाचा संसार मार्गी लागतो.

हा चांगुलपणा आपल्याला ओळखीचा आहे. १९७५च्या 'शोले'त गावाला धडा मिळावा म्हणून आंधळ्या रहीम चाचांचा मुलगा मारला जातो आणि मग त्या चाचांनीच उठून गावाला धीर द्यायचा असतो. ए. के. हंगल यांनी तो प्रसंग इतका मनापासून केला आहे की मी दर वेळी रडतो. रडून झाल्यावर मनात येतं, की रामगढमधलं दुसरं कुठलंच घर या कामासाठी चाललं नसतं का? चांगला परका हा आपलं काहीतरी देऊन टाकूनच चांगला ठरतो, हा हिशेब वेल्समध्ये काय किंवा रामगढमध्ये काय, सारखाच.

तरी 'द प्राउड व्हॅली' मला त्याचा सगळ्यात चांगला चित्रपट वाटतो, आणि त्यालाही तो प्रिय होता. राजा नाही, भुतं नाहीत, कामगारांमध्ये एक कामगार. त्याच्या युद्धविषयक वक्तव्यांमुळे लॉर्ड बीव्हरब्रुकच्या वृत्तपत्रांनी चित्रपटाचं नावही छापायचं नाही असं ठरवलं. पण रेडिओ मदतीला आला. २५ फेब्रुवारी १९४० रोजी, चित्रपटगृहांत लागण्याआधीच, बीबीसीने हा चित्रपट नभोवाणीवरून ऐकवला. चित्र नाही, फक्त आवाज. मूकपटापासून सुरू झालेल्या माणसाचा चित्रपट लोकांनी डोळ्यांआधी कानांनी पाहिला.

अमेरिकेत परतल्यावर दोन चित्रपट झाले, दोन्ही १९४२चे. 'नेटिव्ह लँड' हा लिओ हुर्विट्झ आणि पॉल स्ट्रँड यांचा. कामगार संघटनांमध्ये मालकांनी पेरलेले हेर, मारहाण, खून यांचा पंचनामा करणारा, आणि निवेदन रॉब्सनचं. विचाराने हा चित्रपट पूर्णपणे त्याचा होता. पण पर्ल हार्बरनंतर अमेरिका युद्धात उतरलेली; आता देशातल्या भांडणांबद्दल कुणाला ऐकायचं नव्हतं. तो कुणी फारसा पाहिलाच नाही.

दुसरा, 'टेल्स ऑफ मॅनहॅटन', सगळ्यांनी पाहिला. एक कोट हातोहात फिरतो, शेवटी नोटांनी भरलेला तो कोट विमानातून दक्षिणेतल्या काळ्या कुळांच्या शेतात पडतो. लोक त्याला देवाचा प्रसाद समजतात, आरडाओरडा करतात, गातात. रॉब्सनला वाटलं होतं की या कुळांची गरिबी दाखवता येईल. त्याच्या पात्राच्या तोंडी सगळ्यांनी मिळून जमीन घेण्याची भाषा आहेही. पण पडद्यावर उरतात ती डोळे विस्फारणारी भाबडी माणसं. चित्रपटाविरुद्ध निदर्शनं करणारे असतील तर मीही त्यांच्या रांगेत उभा राहीन, असं रॉब्सनने सांगितलं आणि हॉलिवूड सोडल्याचं जाहीर केलं. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर त्याने ऑथेल्लो केला, त्याचे २९६ प्रयोग झाले. १९७६मध्ये वारला, तोवर एकाही कथापटात त्याने काम केलं नाही.

आपल्याच कामाबद्दल इतकं कठोर बोलणारे कलावंत मी फार थोडे पाहिले. म्हणूनच त्याची एक गप्पी मला अधिक खुपते. जून १९४९मध्ये मॉस्कोत तो यिडिश कवी इत्झिक फेफरला भेटला. फेफर तुरुंगात होता, भेटीपुरता बाहेर आणलेला. खोलीत चोरून ऐकलं जात असणार म्हणून त्याने खुणांनी सांगितलं की आमचा शेवट जवळ आला आहे. रॉब्सनने त्या दौऱ्यातल्या मैफलीत यिडिश गाणं गाऊन आपलं दुःख बोलून दाखवलं. पण घरी परतल्यावर ज्यूंच्या छळाबद्दल विचारलं तेव्हा त्याने जाहीरपणे काही मान्य केलं नाही. १९५२च्या ऑगस्टमध्ये फेफरला गोळ्या घातल्या. ही भेट रॉब्सनच्या मुलाने पुष्कळ वर्षांनी सांगितली. अमेरिकेत तेव्हा रॉब्सनवर चौफेर हल्ले चालू होते, शत्रूच्या हाती कोलीत द्यायचं नव्हतं, हे सगळं समजू शकतं. पण कोर्डाने लावलेला शेवट ज्याने झिडकारला, त्याने स्टालिनने लिहिलेला शेवट तसाच राहू दिला, आणि मरणारा माणूस कवी होता.

१९५०मध्ये अमेरिकी सरकारने त्याचं पारपत्र काढून घेतलं. सभागृहं मिळेनात, कमाई आटली. १९५४मध्ये डच दिग्दर्शक योरिस इव्हेन्सने जगातल्या सहा नद्यांवर आणि तिथल्या श्रमिकांवर 'साँग ऑफ द रिव्हर्स' हा माहितीपट केला. मिसिसिपी, व्होल्गा, नाईल, ॲमेझॉन, यांगत्से आणि आपली गंगा. शब्द ब्रेख्तचे, संगीत शोस्ताकोविचचं. रॉब्सनला देशाबाहेर जाता येत नव्हतं, म्हणून हार्लेममध्ये भावाच्या घरी बसून त्याने गाणं ध्वनिमुद्रित करून पाठवलं. १९५७मध्ये वेल्सच्या खाणकामगारांनी पोर्थकॉलच्या सभागृहात कर्णे लावले आणि अटलांटिकखालून गेलेल्या टेलिफोनच्या तारेवरून त्याला ऐकलं. मग त्यांनी गाऊन उत्तर दिलं.

१९५८ साली त्याला साठ वर्षं झाली. भारतात हा वाढदिवस साजरा करण्यासाठी समिती स्थापन झाली, तिचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला. पंडित नेहरूंनी गौरवाचा संदेश दिला. हा समारंभ होऊ नये म्हणून अमेरिकी मुत्सद्द्यांनी बरीच खटपट केली, ती वाया गेली. मौज अशी की त्याच वर्षी छागला भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले.

जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात निकाल दिला आणि रॉब्सनचं पारपत्र परत मिळालं. तो लंडनला गेला, आणि ऑगस्टमध्ये वेल्समधल्या एब्बू व्हेलला, त्यांच्या राष्ट्रीय गीतमहोत्सवात. खाणी आणि पोलादाचं ते गाव. अन्युरिन बेव्हन शेजारी उभे होते. अठरा वर्षांपूर्वी ज्या माणसाला त्यांनी पडद्यावर बोगद्यात मरताना पाहिलं होतं, तो मंडपात त्यांच्यासमोर उभा राहून गायला. त्यांनी त्याला वेल्श भजनांचं एक पुस्तक दिलं.